बाटलीतले पाच हजार कोटी मजूर

परवा मोंढ्यातल्या एका कृषी सेवा केंद्रासमोर रांगेत उभा होतो. बातमीसाठी नाही, घरच्या तीन एकरांसाठी डीएपी घ्यायला. माझ्या पुढं आमच्याच शिवारातले एक काका होते. त्यांनी दोन बॅगा मागितल्या. पॉस मशीनवर अंगठा झाला, पैसे मोजले. दुकानातल्या पोरानं दोन बॅगांसोबत एक ५०० मिलीची बाटली आणि 'सेंद्रिय' असं हिरव्या अक्षरात लिहिलेली दाणेदार खताची एक थैली ठेवली.

काका म्हणाले, "हे नको मला."

पोरगं म्हणालं, "मग ते बी नाही मिळणार."

एवढंच. भांडण नाही, आवाज नाही. काकांनी खिशातून आणखी नोटा काढल्या. डीएपीचं बिल मशीनमधून निघालं, बाटली आणि थैलीचं एका कोऱ्या चिठ्ठीवर, दुकानाचं नाव नसलेल्या. याला आपण सगळे 'लिंकिंग' म्हणतो आणि पाऊस पडतो तसं ते होतं असं धरून चालतो.

बाहेर आल्यावर काकांनी ती बाटली माझ्या हातात दिली. म्हणाले, "घ्या पत्रकार साहेब, लिवा यावर कायतरी. कशाचं पाणी हाय कुणास ठाऊक."

म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे. पेरणीच्या आधी वाचा, नंतर उपयोग नाही.

घरी येऊन लेबल वाचलं. रायझोबियम, द्रवरूप, सोयाबीनसाठी. मुदत संपायला १९ दिवस बाकी. म्हणजे ही बाटली गेल्या वर्षी बनली, आणि अख्खा एप्रिल-मे पत्र्याच्या गोदामात पडून होती. आपल्याकडचा मे काय असतो ते मी सांगायला नको. बाहेर ४३ असताना पत्र्याखाली काय होतं ते तिथं पोती उचलणाऱ्या हमालाला विचारा.

आता खरी गोष्ट. खत नियंत्रण आदेश, १९८५ नावाचा कायदा आहे. २००६ पासून जैविक खतंही त्यात आली. त्यानुसार द्रवरूप जिवाणू खताच्या एका मिलीत किमान १० कोटी जिवंत पेशी असल्या पाहिजेत, पावडरमध्ये असेल तर एका ग्रॅमला ५ कोटी. ५०० मिलीचा हिशेब करा. पाच हजार कोटी जीव. ही बाटली नीट असती तर काकांनी वैतागून माझ्या हातात दिले ते पाच हजार कोटी मजूर होते, बिनपगारी. माझा राग पैशाचा नाही. राग याचा आहे की बाटलीवर लिहिलेलं शास्त्र खरं आहे, आणि ते खरं आहे हे आता आमच्या गावात कुणालाच पटणार नाही.

मी कृषी पदवीधर नाही. पत्रकारितेची पदविका केली आणि वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितोय. पण परभणीच्या विद्यापीठात १८ मेच्या खरीप मेळाव्याला जातो, तिथले लोक समजावून सांगतात, आणि रान घरचं आहे. जेवढं पक्कं कळलं तेवढंच लिहितो.

पहिली गोष्ट, झाड शेण खात नाही. ऐकायला साधं वाटतं, पण निम्मा घोळ इथंच आहे. पिकाची मुळं पाण्यात विरघळलेलं नत्र घेतात, मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात. शेणखतातलं बहुतेक नत्र प्रथिनांत नि अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यात अडकलेलं असतं. मुळाला ते जसंच्या तसं उपयोगाचं नाही. मध्ये जिवाणू नि बुरशा लागतात. त्या हे सगळं खातात, स्वतःचं अंग वाढवतात, आणि जे जास्तीचं उरतं ते अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. पुढं जिवाणूंचे दोन वेगळे गट त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्या जिवाणूंना खाणारे आणखी बारके जीव मातीत असतात, त्यांच्या विष्ठेतूनही नत्र सुटतं. पिकाची सेवा करायला कुणी बसलेलं नाही. प्रत्येक जण आपलं पोट भरतोय, आणि त्या पंगतीत सांडलेल्यावर आपलं पीक जगतं.

युरियावाल्यांनी हसू नये. तुम्ही टाकलेला युरियासुद्धा मातीतल्या जिवाणूंनी बनवलेल्या विकरानंच फुटतो, तेव्हा कुठं त्याचं अमोनियम नि पुढं नायट्रेट होतं. जिवाणूला टाळून शेती करता येत नाही, फक्त त्याचं नाव न घेता करता येते. आपण ती चाळीस-पन्नास वर्षं केली.

आता सोयाबीनचं बघा. एकरी दहा क्विंटल निघालं असं धरा. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं. म्हणजे त्या दहा क्विंटल दाण्यासोबत साठेक किलो नत्र तुमच्या रानातून मोंढ्यात गेलं. युरियाच्या भाषेत तीन बॅगा (४५ किलोची बॅग, ४६ टक्के नत्र). आणि विद्यापीठाची शिफारस काय? हेक्टरी ३० किलो नत्र, म्हणजे एकरी फक्त १२. मग बाकीचं आलं कुठून? काही मातीतून. आणि सोयाबीनला लागणाऱ्या नत्राचा सरासरी निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त वाटा मुळावरच्या गाठींतून, हवेतून.

हवेत ७८ टक्के नत्रच आहे. पण ते इतकं घट्ट बांधलेलं असतं की कारखान्यात ते फोडायला चारशे-पाचशे अंश उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. गाठीतला रायझोबियम तेच काम मातीच्या साध्या तापमानात, ओल्या अंधारात करतो. त्याबदल्यात झाड त्याला साखर देतं. १८८८ साली हॉलंडच्या बायजेरिंक नावाच्या शास्त्रज्ञानं हा जिवाणू गाठीतून वेगळा काढून दाखवला. नवं काही नाही यात. ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर या बाईंनी आयुष्यभर हाच विषय लावून धरला. तिथला शेतकरी सोयाबीनला नत्र खत जवळपास देत नाही, दरवर्षी ताजं जिवाणू खत बियाण्याला लावतो. आणि आपला शेतकरी? तीस-पस्तीस दिवसांचं सोयाबीन जरा पिवळं दिसलं की एकरी एक बॅग युरिया फेकतो. २६६ रुपये ५० पैशांना मिळतोय म्हटल्यावर का नाही फेकणार.

त्यानं होतं असं, की मुळाजवळ आयतं नायट्रेट दिसलं की झाड गाठींना साखर देणं आखडतं. घरात आयता डबा यायला लागला तर चूल कोण पेटवणार? गाठी कमी होतात, असतात त्या ढिल्या पडतात.

हे मी गेल्या वर्षी डोळ्यांनी बघितलंय. विद्यापीठातून ताजी पाकिटं आणली होती. एका एकराच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवून लावली, सावलीत सुकवलं, लगेच पेरलं. दुसरा एकर तसाच. पंचेचाळीस दिवसांनी दोन्हीकडची झाडं कुदळीनं खणून काढली. (उपटू नका. उपटली की गाठी मातीतच राहतात नि आपण म्हणतो गाठीच नाहीत.) नखानं गाठ फोडायची. आत गुलाबी-लालसर दिसली तर कामावर आहे. हा रंग आपल्या रक्तातल्या रंगद्रव्याच्या भावकीतला आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नुसती हजेरी, काम नाही.

निकाल सांगतो, आणि इथं काही भक्तमंडळी नाराज होतील. माझ्या दोन्ही एकरांत फार फरक नव्हता. कारण आमच्या रानात कित्येक वर्षं सोयाबीनच आहे, रायझोबियम तिथं आधीच मुक्कामाला आहे. पण बांधाला लागून शेजाऱ्याचं जे रान आहे, जिथं वर्षानुवर्षं ऊस होता नि पहिल्यांदाच सोयाबीन घेतलं होतं, तिथं झाडाला मोजून चार-पाच गाठी. त्या रानाला या बाटलीची खरी गरज होती. आणि आमच्याच रानातल्या कोपऱ्यात, जिथं सालगड्यानं न विचारता युरिया टाकला होता, तिथली झाडं हिरवीगार आणि मुळं जवळपास बोडकी.

म्हणजे हे खत कुठं लागतं नि कुठं नाही, हे रान बघून ठरवायची गोष्ट आहे. ते ठरवायचं सोडून दुकानदार डीएपीच्या बॅगेमागं एक बाटली असं ठरवतोय. हळदवाला, तूरवाला, कापूसवाला, सगळ्यांना तीच बाटली. त्या दिवशी माझ्या मागं उभ्या असलेल्या माणसाला फक्त हळद लावायची होती. त्यालाही सोयाबीनचं रायझोबियम. हे म्हणजे मेडिकलवाल्यानं डोकेदुखीच्या गोळीसोबत सगळ्यांना खोकल्याचं औषध बांधून द्यायचं.

गंमत बघा. हेच हळदवाले कंदकुजीसाठी परभणीचं बायोमिक्स स्वतःच्या पैशानं, एसटीनं जाऊन आणतात. तेही जिवाणू-बुरशांचंच मिश्रण. तिथं कुणी लिंकिंग करत नाही. चांगली वस्तू माणूस शोधत जातो.

आता शेणखताकडं येऊ, कारण त्या हिरव्या अक्षरांच्या थैलीचा संबंध तिथं आहे.

चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र किती? साधारण अर्धा टक्का. टनाला पाच किलो. म्हणजे युरियाच्या एका बॅगेइतकं नत्र द्यायला चार टन शेणखत लागतं, आणि त्यातलंही पहिल्या हंगामात थोडंच सुटतं, बाकी पुढच्या वर्षांत. हे आकडे बघून 'शेणानं काय होतंय' म्हणणारे खूप आहेत. दुसऱ्या टोकाला 'युरिया आजच बंद करा, जीवामृत ओता' म्हणणारे. त्यांचाही हिशेब करून बघा. दोनशे लिटर जीवामृतात १० किलो शेण, १० लिटरपर्यंत गोमूत्र, २ किलो बेसन, २ किलो गूळ नि मूठभर माती. सगळ्याचं मिळून नत्र फार तर पाव किलो. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो, म्हणजे एकरी १६० किलो. पाव किलोनं भागेल का?

नाही भागणार, पण जीवामृत फालतू आहे असंही नाही. ते विरजण आहे. आणि विरजणाला दूध लागतं. रिकाम्या पातेल्यात कितीही चांगलं विरजण लावा, दही होणार नाही. मातीत दूध म्हणजे सेंद्रिय कर्ब: शेणखत, पालापाचोळा, मागच्या पिकाची मुळं, धसकटं. बाटलीतले जिवाणूही विरजणच. आणि आपण दरवर्षी करतो काय, तर उन्हाळ्यात धसकटं वेचून बांधावर पेटवतो, उसाचं पाचट जाळतो, म्हणजे दूध ओतून देतो. मग जूनमध्ये विरजण विकत घेतो, तेही जबरदस्तीनं, तेही शिळं.

सगळं दूध सारखं नसतं, हेही आमच्या घरानं पैसे मोजून शिकलंय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आबांनी उकिरड्यावरचं अर्धकच्चं शेण नि गव्हाचं काड ऐन जूनमध्ये कापसाच्या रानात पसरलं. महिन्यात कापूस पिवळा पडला. शेजारपाजारचे म्हणाले, शेणानं पीक जाळलं. आबांनी घाबरून युरिया दिला नि पीक हिरवं झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात शेणखत बदनाम आणि युरिया देव.

खरं काय झालं होतं ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. जिवाणूला कर्ब म्हणजे भाकरी आणि नत्र म्हणजे कालवण. त्याला साधारण पंचवीस भाकरीमागं एक वाटी कालवण लागतं. गव्हाच्या काडात ऐंशीएक भाकरीमागं एक वाटी. एवढ्या भाकरी समोर आल्यावर जिवाणू वाढले भराभर, पण कालवण संपलं. मग त्यांनी मातीतलं नत्र ओढलं, म्हणजे आमच्या कापसाच्या ताटातलं. ते कायमचं गेलेलं नव्हतं. जिवाणू मेल्यावर परत मिळणारच होतं, पण तोवर कापूस थांबत नाही. हेच काड चार महिने शेणाबरोबर खड्ड्यात कुजवलं असतं तर भाकरी-कालवणाचा हिशेब विसाला एकपर्यंत आला असता आणि त्या खतानं रानात नत्र ओढायच्या ऐवजी सोडलं असतं. वर ढिगाची उष्णता साठ अंशांच्या आसपास जाते, त्यात तणाचं बी मरतं. कच्च्या शेणाबरोबर हुमणी येते ती वेगळीच.

कुजवणं ही कला बाहेरून आलेली नाही, निदान सगळी नाही. इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानं कंपोस्टची पद्धत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. त्याचं १९३१ चं पुस्तक दोघांच्या नावावर आहे, हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्डचं नाव जगाला माहीत आहे. वाड कोण, हे आपल्यालाही माहीत नाही. आणि नाडेप टाकी म्हणून जी विटांची, भोकं ठेवलेली टाकी योजनेतून बांधतात, ते 'नाडेप' म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे. आमच्या तालुक्यात अशा टाक्या भरपूर आहेत. निम्म्यांत कोंबड्या बसतात, एकीत मी मोटारसायकलीचा सांगाडा बघितलाय. अनुदान टाकी बांधायला होतं, भरायला नव्हतं.

स्फुरदाचं थोडक्यात सांगतो. डीएपीतलं स्फुरद आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत कॅल्शियमबरोबर बसून जातं, पिकाच्या हाताला पुरतं लागत नाही. काही जिवाणू आम्लं सोडून त्यातलं थोडं मोकळं करतात, आणि मायकोरायझा नावाची बुरशी मुळाला लांबलचक धागे जोडून देते, म्हणजे जिथवर मूळ पोचत नाही तिथलं स्फुरद येतं. एवढं काम फुकट होत असताना आपण डीएपीसाठी रांगेत भांडतोय, त्यात मीही आलो.

मृदा आरोग्य पत्रिका घरात असेल तर काढा. २०१५ पासून सरकार देतंय. १२ घटक तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह वगैरे, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. माती जिवंत किती, हे सांगणारा रकाना त्यात नाही. जवळपासचा म्हणावा असा एकच, सेंद्रिय कर्ब. आमच्या पत्रिकेत तो ०.३८ आहे, शेरा 'कमी'. तो कागद आला तेव्हा आबांनी तो दिनदर्शिकेमागं खोचला. खताचा हिशेब दुकानदारानंच करून दिला.

आता माझ्याबद्दल. दरवर्षी मे महिन्यात 'खतांचे लिंकिंग केल्यास परवाना रद्द' ही बातमी मीच पाठवतो. अधिकाऱ्याचं नाव बदलतं, मजकूर तोच. जूनमध्ये त्याच पानावर जैविक खतांच्या जाहिराती असतात. तालुक्याच्या पत्रकाराला पगार किती मिळतो हे तुम्हाला माहीत आहे. घर जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. त्या दिवशी ज्या दुकानासमोर मी रांगेत होतो, त्यांची गेल्या दिवाळीची अर्ध्या पानाची जाहिरात मी आणली होती. यंदा ती मिळणार नाही, हे धरून चाललोय. बायकोला सांगितलंय.

दुकानदाराची बाजूही ऐकली. तो म्हणतो, "वरून माल येतो तेव्हा आमच्याही गळ्यात हेच मारतात. दहा टन डीएपी पाहिजे तर एवढी खोकी उचला. मी ती कुठं विकू?" त्याच्यावर माझा विश्वास आहे. पण वरचा खालच्यावर ढकलतो नि खालचा काकांवर. काकांच्या खाली कुणी नाही, म्हणून ती बाटली माझ्या टेबलावर आली.

कृषी विभागाला माझं म्हणणं आहे. लिंकिंगची तक्रार आली की दुकानदाराला नोटीस देऊन विषय संपवू नका, खोकी कुणाच्या गोदामातून आली तिथवर जा. आणि जिवाणू खतांचे नमुने काढायचे तर मे अखेरीस, दुकानाच्या पत्र्याखालून काढा. कारखान्यातून निघताना दहा कोटी असतीलही, माझ्या हातात येताना किती उरतात ते मोजा. बीजाणू करणारे बॅसिलससारखे जिवाणू उष्णतेत तग धरतात. रायझोबियमला ती सोय नाही.

शेतकऱ्यांना एवढंच: घ्यायचंच असेल तर तारीख बघून, पिकाचं नाव बघून, सावलीत ठेवलेलं, पक्क्या बिलावर घ्या. बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावून झाल्यावर सगळ्यात शेवटी हे लावायचं, उन्हात ठेवायचं नाही, त्याच दिवशी पेरायचं.

आणि ज्यांना यंदा जबरदस्तीनं बाटल्या-थैल्या दिल्यात त्यांनी त्या फेकू नका. बाटलीच्या लेबलचा फोटो, बॅच नंबर, तारीख आणि चिठ्ठी ठेवा. येत्या मंगळवारी, बाजारादिवशी, सकाळी अकरापर्यंत मी तहसीलसमोरच्या चहाच्या टपरीवर बसतो. जेवढ्या चिठ्ठ्या जमतील तेवढ्या एकत्र करून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज देणार आहे, पोच घेऊन. काकांची चिठ्ठी आणि बाटली माझ्याकडं आहे. पहिली सही त्यांची आहे.